बुशमन्स क्लूफ: सिंह नाही, म्हणूनच पायी फिरता येतं

नाशिकहून दक्षिण आफ्रिकेला निघणाऱ्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. जोहान्सबर्ग, सन सिटी, क्रूगर किंवा पिलान्सबर्ग, मग विमानाने केपटाऊन, टेबल माउंटन, पेंग्विन आणि घरी. ताडोब्याहून परतलेल्याला जसं 'वाघ दिसला का?' विचारतात, तसं या मंडळींना 'सिंह दिसला का?' विचारतात. केपटाऊनच्या उत्तरेच्या बुशमन्स क्लूफ या खासगी राखीव रानात गेलात तर उत्तर 'नाही' असंच द्यावं लागेल. तिथे सिंह नाही, हत्ती नाही, रानम्हैसही नाही. त्यासाठीच जायचं असेल तर पैसे क्रूगरला खर्च करा, इथे हिरमोड होईल.

पण सिंह-हत्तींसारखी धोक्याची जनावरं नाहीत म्हणूनच इथे गाडीतून उतरता येतं. वाटाड्याबरोबर डोंगरकपारीपर्यंत चालत जाऊन हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रासमोर हातभर अंतरावर बसता येतं. आमच्या मते या ठिकाणाचा दर त्या चित्रांसाठी आणि ती समजावणाऱ्या माणसासाठी द्यायचा. प्राणी, फुलं, स्पा, नदीकाठचं जेवण हे सगळं त्याच्यावरचं लोणी.

जागेची मोजकी माहिती अशी. केपटाऊनच्या उत्तरेला सुमारे २७० किलोमीटरवर सीडरबर्ग डोंगररांग आहे आणि तिच्या उतारावर हे खासगी राखीव क्षेत्र. क्षेत्रफळ साधारण ७,५०० हेक्टर, म्हणजे १८,५०० एकर. एके काळी इथे शेती आणि चराई चालायची. आज सान, म्हणजे इथल्या मूळच्या शिकार करून जगणाऱ्या लोकांनी काढलेल्या चित्रांच्या १३० हून अधिक जागा या हद्दीत नोंदलेल्या आहेत आणि त्यातल्या काही १०,००० वर्षांपर्यंत जुन्या मानल्या जातात. मालकी रेड कार्नेशन या हॉटेल समूहाची. मुख्य लॉजवर जेमतेम १६ खोल्या आणि सूट. कोरो लॉज हा वेगळा बंगला कुटुंबासाठी बरा. २००९ मध्ये 'ट्रॅव्हल अँड लेझर' मासिकाच्या वाचकांनी याला जगातलं पहिल्या क्रमांकाचं हॉटेल ठरवलं होतं. एजंट अजूनही तेच सांगतात. इतक्या जुन्या पारितोषिकावर खोली ठरवू नये. 'क्लूफ' म्हणजे घळ. नावातल्या 'बुशमन'बद्दल पुढे बोलू, कारण तो शब्द तितका निरागस नाही.

आधी चित्रं.

सकाळच्या फेरीत वाटाडा एका किंवा दोन कपारींपर्यंत नेतो. साधारण दोन तास लागतात, चढ फारसा नसतो. ब्रह्मगिरी चढणाऱ्याला तर ही सपाटीच वाटेल. मात्र खडक खरखरीत वालुकाश्माचे आहेत, सँडल घालून जाऊ नका. कपारीत पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं बहुतेकांना काहीच दिसत नाही. लालसर डाग, गेरूचे ओघळ, बस्स. डोळ्यांना वेळ द्या. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो, शिवाय आकृत्या आपल्या अपेक्षेपेक्षा फार लहान असतात. माणसं बोटाएवढी, तर कधी जेमतेम पेराएवढी. भिंतभर भव्य चित्र डोक्यात घेऊन गेलेला माणूस चित्राच्या समोर उभा राहून चित्र शोधत असतो.

मग एक रेघ दिसते, तिच्यावरून पाय, पाठ, खांद्याला अडकवलेली पिशवी. त्याच्या शेजारी दुसरा, तिसरा. आता डोक्यांकडे नीट बघा. कित्येक आकृत्यांची डोकी आकड्यासारखी, अर्धवट गोल दिसतात. चेहऱ्याच्या जागी नुसता खडक. चित्रकाराला चेहरे जमत नव्हते असं नाही. चेहरा पांढऱ्या रंगात भरलेला असे. लाल रंग लोहयुक्त गेरूचा, तो खडकात मुरतो आणि टिकतो. पांढरा वरवर बसतो आणि आधी झडतो. उरतं ते लाल केसांचं आणि मानेचं आकडं. एवढी एक गोष्ट कळली की पुढच्या प्रत्येक भिंतीवर हरवलेले चेहरे मनाने भरता येतात. वाटाड्याने हे आपणहून सांगितलं नाही तर विचारा.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे इलँड, आफ्रिकेतलं सर्वांत मोठं हरिण. सान चित्रांत त्याला मान आहे. काही ठिकाणी तो एका रंगात नुसता सपाट भरलेला नसतो, लालापासून पांढऱ्यापर्यंत छटा देऊन रंगवलेला असतो. आणि तिसरी गोष्ट, कमरेत वाकलेली, काठीवर भार दिलेली माणसं, ज्यांच्या नाकातून रेघा निघालेल्या असतात. ते रक्त आहे. रोग बरा करण्याच्या नाचात भान हरपलेल्या वैदूच्या नाकातून रक्त येई आणि त्या रक्ताच्या वासाने आजार पळतो असं मानलं जाई. हा अर्थ कुणी खुर्चीत बसून काढलेला नाही. १८७० च्या दशकात केपटाऊनमध्ये विल्हेल्म ब्लीक आणि लुसी लॉइड या भाषेच्या अभ्यासकांनी तुरुंगातून आणलेल्या, क्साम या सान गटातल्या माणसांकडून त्यांची भाषा, कथा आणि समजुती लिहून घेतल्या. त्या वह्यांची पानं १२,००० च्या वर भरतात आणि १९९७ मध्ये युनेस्कोने त्यांची जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली. पुढे भित्तिचित्रांचे अभ्यासक डेव्हिड लुइस-विल्यम्स यांनी या वह्या हाताशी धरून भिंतींवरची चित्रं वाचली. ती क्साम भाषा आता कुणी बोलत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या २००० सालच्या राजमुद्रेवरचं बोधवाक्य मात्र त्याच भाषेत आहे.

आपल्याकडच्या वाचकाला लगेच वारली चित्रं आठवतील, पेठ-सुरगाण्याकडे गेलेल्याला तर नक्कीच. दोन्हीकडे नाच आहे, प्राणी आहेत, बारीक माणसं आहेत. साम्य तिथेच थांबतं. वारली चित्र गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचं, लग्नाच्या चौकासाठी नव्याने काढायचं. ते जिवंत आहे, दर हंगामात पुन्हा लिहिलं जातं. सीडरबर्गमधली शेवटची रेघ ओढून पिढ्या गेल्या, नवी ओढणारं कुणी उरलेलं नाही. त्यामुळे इथे खरवडलं गेलेलं परत येत नाही.

म्हणून नियम कडक आहेत आणि त्यांच्यामागची कारणं माहीत असलेली बरी. हात लावायचा नाही, कारण घामातलं तेल आणि मीठ रंगात शिरतं. पाणी शिंपडायचं नाही. पूर्वी चित्र उठून दिसावं म्हणून लोक भिंत ओली करत. पाणी वाळताना खडकातले क्षार पृष्ठभागावर ओढून आणतं, त्याची पांढरी साय चित्रावर चढते आणि पापुद्रा सुटतो. कपारीत पाय घासत चालायचं नाही, कारण जमिनीवरची धूळ उडून भिंतीवर बसते. फ्लॅश बंद. दक्षिण आफ्रिकेच्या १९९९ च्या २५ व्या कायद्यानुसार भित्तिचित्रांची नासधूस हा गुन्हा आहे. पांडवलेणीत शिलालेखाशेजारी बदाम आणि नावं कोरलेली पाहून ज्यांचा जीव जळतो, त्यांना इथल्या स्वच्छ भिंती बघून जरा हेवाच वाटेल. फरक शिस्तीचा आहे, पण फक्त शिस्तीचा नाही. इथे वाटाड्याशिवाय कुणी भिंतीपर्यंत पोहोचतच नाही. माणसांनी हात आवरला तरी शत्रू उरतातच. भिंतीवर मातीची घरटी बांधणारी गांधीलमाशी आणि कपारीत राहून खडक मुताने रंगवणारा डॅसी, म्हणजे सशाएवढा, बिनशेपटीचा, नात्याने हत्तीला जवळचा असा एक गमतीदार प्राणी.

फोटो काढणाऱ्यांसाठी. साधा काढलेला फोटो जवळजवळ कोरा येतो. सावलीतला सपाट उजेड असताना काढा, झूम वापरा, भिंतीला समांतर उभे राहा, शक्य तितक्या कमी दाबणीचा जेपेग किंवा रॉ ठेवा. घरी आल्यावर 'डीस्ट्रेच' या खास भित्तिचित्रांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. लाल रंगासाठी त्यातली 'एलआरई' आणि 'वायआरई' ही सेटिंग्ज आधी वापरून पाहा. डोळ्यांना डाग वाटलेल्या जागी अख्खी रांग उगवते. दाबून लहान केलेला व्हॉट्सॲपवरचा फोटो टाकलात तर चौकोनी ठिपके तेवढे उगवतील.

लॉजच्या आवारात एक वारसा दालन आहे. त्यात जाल्मार आणि आयोनी रुडनर या पुरातत्त्वाच्या अभ्यासक दांपत्याचा संग्रह मांडलेला आहे. सान लोकांची हत्यारं, मणी, रोजच्या वापरातल्या वस्तू. बरेच जण जेवणाआधी पाच मिनिटं डोकावून जातात. उलट करा. पहिल्याच दिवशी दुपारी, चित्रं बघण्याच्या आधी इथे अर्धा-पाऊण तास घालवा. भिंतीवरच्या माणसाच्या खांद्यावर काय अडकवलंय ते दुसऱ्या दिवशी सांगावं लागणार नाही.

आता नावाचं. 'बुशमन' हा वसाहतवाल्यांनी दिलेला शब्द आणि डचपासून निघालेल्या आफ्रिकान्स भाषेत तो शिवीसारखा वापरला गेला. 'सान' हा शब्दही त्यांचा स्वतःचा नव्हे, तो गुरं पाळणाऱ्या खोईखोई शेजाऱ्यांनी ठेवला. आज ही माणसं आपापल्या गटाचं नाव सांगणं पसंत करतात. सीडरबर्गमधले मूळ रहिवासी १८ व्या आणि १९ व्या शतकांत गोऱ्या शेतकऱ्यांच्या बंदूकधारी टोळ्यांनी मारले, हुसकले, उरलेले शेतमजुरीत मिसळून गेले. देवीच्या साथींनीही घास घेतला. तेव्हा 'सान वारसा' जपणाऱ्या या जागेत सान वस्ती भेटेल अशी कल्पना करून जाऊ नका. इथे वारसा म्हणजे भिंत, वस्तू आणि वाटाड्याचं बोलणं. वाटाडा चांगला असेल तर हत्याकांडाचा भाग टाळत नाही. टाळत असेल तर सरळ विचारा, सूर्यास्ताचं सरबत हातात असताना विचारायला संकोच वाटला तरी.

सान माणसांनी स्वतः सांगितलेलं ऐकायचं असेल तर केपटाऊनकडे परतताना किनाऱ्याच्या आर २७ रस्त्याने या आणि केपटाऊनच्या अलीकडे ७० किलोमीटरच्या आसपास असलेल्या 'ख्वा तू' केंद्रात अर्धा दिवस काढा. तिथले मार्गदर्शक सान आहेत. नावाच्या सुरुवातीला जिभेचा टाळ्यावर टक् असा आवाज येतो, तो काढून दाखवायची विनंती ते हसत मान्य करतात. आमच्या मते क्लूफ आणि ख्वा तू ही जोडी एकत्र केली तरच सहल पुरी होते.

प्राण्यांची फेरी संध्याकाळची, उघड्या गाडीतून. पाहण्यासारखा खरा प्राणी केप माउंटन झेब्रा. १९५० च्या दशकात या जातीचे शंभरसुद्धा उरले नव्हते, आज हजारोंत आहेत, आणि खासगी मालकीच्या मोठ्या कळपांपैकी एक इथे आहे. साध्या झेब्र्यापासून ओळखायच्या खुणा तीन. गळ्याखाली लोंबती पोळी, पोटावर पट्टे नाहीत, आणि शेपटीच्या वर पाठीवर जाळीसारखी आडवी नक्षी. कळप राखणं म्हणजे कुंपण घालून सोडून देणं नव्हे. माउंटन झेब्रा साध्या झेब्र्याशी संकर करतो, म्हणून दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत. लहान कळपात जवळच्या नात्यातच पैदास होऊ नये म्हणून नर अधूनमधून बाहेरून आणावे लागतात. बॉन्टबॉक या तपकिरी-पांढऱ्या हरणाचीही तीच कथा. १९३१ मध्ये त्याच्यासाठी राष्ट्रीय उद्यान केलं तेव्हा आत १७ जनावरं होती, आणि त्याच्या शेजारी त्याचा भाईबंद ब्लेसबॉक हे हरिण आलं की संकर होऊन जात बिघडते. जाता जाता एक खोच. बॉन्टबॉकचा मूळ मुलूख दक्षिणेकडची किनारपट्टी, सीडरबर्ग नाही. इथे दिसणारं प्रत्येक जनावर 'मूळचं इथलंच' समजू नका, वाटाड्याला 'हा इथला की आणलेला?' विचारत राहा. प्रश्न आवडतो त्यांना.

बिबट्या आहे. दिसत नाही. सीडरबर्गचा बिबट्या लहानखुरा, नर ३५ किलोच्या आसपास, मादी २० च्या. डॅसी आणि खडकांवरची छोटी हरणं खाऊन शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख राखतो. 'केप लेपर्ड ट्रस्ट' सीडरबर्गमध्ये त्यांचा अभ्यास करते, आणि दिसला तर स्वयंचलित कॅमेऱ्यात. बिबट्या बघायचाच असेल तर उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या निफाडकराला इतक्या लांब जायचं कारण नाही. पक्षी मात्र भरपूर. प्रोटियाच्या फुलावर लांब शेपटीचा केप शुगरबर्ड आणि कड्यावर डॅसीच्या मागावर असलेला काळा व्हेरो गरुड या दोघांसाठी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण नेण्यासारखी आहे.

वनस्पती हा या जागेचा सर्वांत कमी विकला जाणारा आणि आमच्या मते चित्रांच्या खालोखाल मोलाचा भाग. हा केप पुष्पप्रदेश, २००४ पासून जागतिक वारसा. सुमारे ९,००० जातींच्या वनस्पती आणि त्यातल्या जवळपास ७० टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. झाडं म्हणावीत अशी झाडं मात्र नाहीत. सगळं गुडघ्याएवढं, कंबरेएवढं, बारीक चिवट पानांचं झुडूप, ज्याला 'फेनबोस' म्हणतात. पहिल्या नजरेत वाळकं रान वाटतं. अंजनेरीच्या पठारावर ऑगस्टमध्ये गुडघे टेकून ज्यांनी सेरोपेजिया, म्हणजे कंदीलपुष्प, शोधलंय त्यांना इथे घरच्यासारखं वाटेल. योग असा की दोन्हीकडचा बहर ऑगस्ट-सप्टेंबरचाच. आपला पावसाळा जूनपासून, त्यांचा पाऊस मे ते ऑगस्टच्या हिवाळ्यात.

फेनबोसला आग लागते. लागायलाच हवी. कित्येक बिया धुराच्या स्पर्शाशिवाय रुजत नाहीत, काही मुंग्यांनी जमिनीखाली नेऊन ठेवलेल्या असतात आणि वरचं रान जळालं की उगवतात. गोष्ट बिघडते ती आग फार लवकर लवकर लागली की. झुडूप बी धरायच्या आधीच दुसरी आग आली तर पुढची पिढीच नाही. याचा सर्वांत मोठा बळी क्लॅनविल्यम सीडर, ज्याच्या नावावरून ही डोंगररांग ओळखली जाते. तो जळाल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. त्यात १९ व्या शतकात तारांच्या खांबांसाठी हजारो झाडं तोडली गेली. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. उंच कड्यांवर, जिथे आग पोहोचत नाही अशा खडकांच्या भेगांत वाढणारी थोडी झाडं उरली आहेत. दरवर्षी ह्यूनिंगफ्ले गावाजवळ रोपं लावायचा उपक्रम होतो आणि लॉज त्यात भाग घेतं. कड्यावरची काळी-हिरवी वेडीवाकडी सावली दिसली तर गाडी थांबवायला सांगा. तसंच नदीतल्या क्लॅनविल्यम यलोफिश माशाचं. बाहेरून आणून सोडलेल्या बास माशाने त्याची पिल्लं खाल्ली, म्हणून तो जिथे सुरक्षित राहतो ते पाणी जपलं जातं. गळ टाकायची हौस भागवता येते, पण मासा परत सोडायचा.

फुलांच्या हंगामात एक चूक हमखास होते. लोक पहाटे उठून निघतात. हे डेझीवर्गीय फूल ढगाळ हवेत, थंडीत आणि सकाळी मिटलेलं असतं. ऊन तापल्यावर, साधारण साडेदहाला उघडतं, दुपारी साडेतीन-चारला मिटतं, आणि तोंड सूर्याकडे असतं. म्हणजे सूर्य पाठीशी ठेवून चाललात तर गालिचा दिसतो, सूर्याकडे चाललात तर नुसत्या देठांच्या पाठी. जवळच्या बिडाऊ खोऱ्यात जायचं तर आदल्या रात्री हवामान पाहा. ढग असतील तर त्या दिवशी चित्रं बघा.

रूइबोस हा चहाही इथलाच. सीडरबर्गच्या आसपासच ते झुडूप व्यापारी प्रमाणात पिकतं. पानं-काड्या कापून, ओल्या करून, ढीग लावून आंबवल्या की हिरवा रंग लाल होतो, मग उन्हात सुकवतात. या वनस्पतीचं ज्ञान मूळचं सान आणि खोई लोकांचं, हे मान्य करून २०१९ च्या करारात शेतावरच्या दराच्या दीड टक्का रक्कम त्यांच्यासाठी ठरली. लॉजवर तो कोरा देतात. टॅनिन कमी असल्याने आपल्यासारखा पातेल्यात आलं टाकून दहा मिनिटं उकळला तरी कडू होत नाही, दूधही चालतं. मात्र यात कॅफिन नाही, तेव्हा सकाळची तरतरी त्यातून येणार नाही. वाटेतल्या क्लॅनविल्यम गावच्या दुकानातून पाव किलो घ्या, केपटाऊन विमानतळावर दर पाहून डोळे पांढरे होतील.

खोल्या चांगल्या आहेत, पुरेशा शांत. बाकी स्पा, पोहण्याचे कुंड, होडी, धनुष्यबाण यांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. असतं तसं आहे. जेवण दिवसातून तीनदा आणि दुपारचा चहा वेगळा, कधी निखाऱ्यावरचं, कधी 'कडोरो' नावाच्या जुन्या मेंढपाळाच्या दगडी घरात कंदिलाच्या उजेडात.

शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सविस्तर मेल करा, नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. मांस, मासे, कोंबडीचा स्टॉक, जिलेटिन, आणि खात नसाल तर अंडं, एकेक लिहा. पॅनाकोटात जिलेटिन असतं, पार्मेसान चीजमध्ये वासराचं रेनेट, आणि सूपचा पाया बहुधा हाडांचा. हे तीन पदार्थ शाकाहारी म्हणून ताटात येतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. जैन जेवण हवं असेल तर काय नको याची यादी देण्याऐवजी काय चालेल ते चार पदार्थ सांगा. स्वयंपाकघराला ते सोपं जातं. शेगडीची जाळी सगळ्यांची एकच असते, तेव्हा भाज्या फॉइलमध्ये किंवा वेगळ्या तव्यावर मागा. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट बंद पाकिटात न्यायला हरकत नाही. बिया, ताजी फळं, मांस, मध मात्र विमानतळावर काढून घेतात.

नाशिकहून जाण्याचा हिशोब. मुंबई विमानतळापर्यंत १७० किलोमीटर, कसारा घाटाचा आणि मुंबईच्या गर्दीचा भरवसा नाही म्हणून निघण्याची वेळ पाच तास धरून ठरवा. तिथून दुबई, दोहा किंवा अदिस अबाबामार्गे केपटाऊन. अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट बहुधा स्वस्त पडतं, पण तो पीतज्वराचा पट्टा आहे. तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका लशीचं प्रमाणपत्र मागते. परतताना भारतही त्या पट्ट्यातून आलेल्यांची चौकशी करतो. लस टोचल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं, आणि शेवटच्या आठवड्यात जागे होणारे नेमके इथे अडकतात. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. व्हिसासाठी पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं हवीत. मुलं असतील तर आई-वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला लागतो.

गाडी स्वतः चालवायची असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. तिथेही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे आपल्याला सोपं. केपटाऊनला उतरलेल्या दिवशी निघू नका. झोप नाही आणि शेवटचा टप्पा अंधारात पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एन ७ महामार्गाने माम्सबरी, पिकेटबर्ग, पिकनिर्सक्लूफ घाट, सिट्रसडाल, क्लॅनविल्यम. थांबे धरून चार तास. क्लॅनविल्यमला टाकी भरा, पुढे पंप नाही. तिथून आर ३६४ ने पाकहेस घाट चढायचा. तो १८७० च्या दशकात टॉमस बेन यांनी बांधला, आणि वाटेत आफ्रिकान्स कवी लाइपोल्ट यांची समाधी लागते. घाट चढला की मोबाईलची रेंज धरून चालू नका, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

कच्च्या रस्त्यावर आपली मंडळी दोन चुका करतात. पहिली, पत्र्याच्या वळ्यांसारख्या रस्त्यावर धक्के नको म्हणून वेग वाढवतात. वेगात धक्के कमी लागतात हे खरं, पण चाकं जमिनीला टेकत नाहीत आणि वळणावर गाडी सरळ जाते. साठच्या आत राहा, ब्रेक हलके आणि आधी लावा. दुसरी, टायर डांबरी रस्त्याच्याच हवेवर ठेवतात. कडक टायरला टोकदार खडी लगेच भोक पाडते. सव्वादोन बारवरून १.८ पर्यंत उतरवा आणि परतताना क्लॅनविल्यमला पुन्हा भरा. समोरून गाडी आली की डावीकडे सरकून वेग कमी करा, उडालेला खडा काचेवर बसतो. भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात काच, टायर आणि गाडीचा तळ बहुधा धरलेला नसतो. हे तीन शब्द कागदावर शोधा, आणि स्टेपनी खरी आहे की छोटी तात्पुरती, तेही पार्किंगमध्येच डिकी उघडून बघा.

कधी जावं? गणपतीच्या आसपास गेलात तर फुलं, पण गर्दी आणि वरचे दर. दिवाळीची सुट्टी उत्तम, वसंत संपत आलेला, पायी फिरायला हवा छान. नाताळात क्लॅनविल्यमचा पारा ४० च्या घरात जातो आणि दुपारी खोलीबाहेर पडवत नाही. मे महिना आमच्या पसंतीचा: दिवस उबदार, रात्री स्वेटर लागतो, फुलं नाहीत, पण चित्रं सुरेख दिसतात. जून-जुलैला पाऊस आणि रात्री शून्याजवळची थंडी. मलेरिया कोणत्याच महिन्यात नाही. बुटं सकाळी झटकून घाला, विंचू असतात. चार्जरसाठी वेगळा ॲडॅप्टर शोधत बसू नका, आपल्याकडे गीझरला असते ती १६ अँपिअरची जाड तीन गोल पिनांची प्लग तिथल्या सॉकेटला चालते. तशी एक एक्स्टेन्शन बॅगेत टाका.

दर माणशी असतो, खोलीमागे नाही, आणि तो हंगामानुसार बदलतो. जेवण, गाडीची फेरी आणि चित्रांची सहल त्यात धरलेली असते, स्पा वेगळा. पेयांचं काय ते लेखी विचारा. दोन रात्री कमी पडतात, कारण पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि एखादी सकाळ वाऱ्या-पावसात गेली तर चित्रांची एकच फेरी हाती लागते. तीन रात्री पुरेत, चौथीला तेच तेच होईल.

आणि एवढा खर्च झेपणारा नसेल तर त्याच आर ३६४ वर, जवळच, 'ट्रॅव्हलर्स रेस्ट' नावाची शेतावरची घरं भाड्याने मिळतात. स्वयंपाक आपला आपण. कुकर नेलात तर खिचडीसुद्धा. त्यांच्या हद्दीतला 'सेव्हिला' हा चित्रांचा माग पायी करता येतो. ओढ्याकाठाने जाऊन-येऊन पाचेक किलोमीटर, वाटेत नऊ-दहा कपारी, परवाना कार्यालयात मिळतो. वाटाडा नसतो, म्हणजे नाकातलं रक्त आणि आकड्यांची डोकी तुम्हालाच शोधावी लागतील. सकाळी आठच्या आत सुरुवात करा, माणशी दीड लिटर पाणी घ्या, आणि ओढ्यात पाणी वाढलेलं असेल तर कार्यालयात विचारल्याशिवाय उतरू नका.